क्लोरोफॉर्मची शेवटची बाटली

“सर, एखादी बाटली तरी उरली असेल ना?”

केतकी ओतारीने दारातूनच विचारलं. आत यायचंही तिला सुचलं नाही.

परकार सर खिडकीपाशी चष्मा पुसत बसले होते. निवृत्त झाल्यावरही ते दुपारचे कॉलेजच्या रसायनशाळेत येत. घातक रसायनांच्या कपाटाची किल्ली अजून त्यांच्याकडेच असे.

“कशाची?”

“क्लोरोफॉर्मची.”

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

“तुझं सगळं काम क्लोरोफॉर्म नको म्हणूनच चाललंय ना?”

“हो, पण...”

चहात कॅफिन किती, हे मोजायला त्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं क्लोरोफॉर्म वापरत. चहाचं पाणी त्यात घुसळायचं, कॅफिन त्यात उतरलं की क्लोरोफॉर्म तापवून उडवायचं. ते उडून जायचं कुठे, तर खोलीतल्या माणसांच्या छातीत.

केतकीने खपून नवी रीत बसवली होती. गरम पाणी, गाळण, आणि प्रकाशावर मोजणारं यंत्र. विषारी काही नाही. तिला त्याचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

उद्या तिच्या प्रबंधाचे परीक्षक येणार होते.

“जुन्या रीतीचा आकडा आणि तुझा आकडा जुळतो?”

“जुळतो.”

“दर वेळी?”

“दर वेळी, सर.”

“मग?”

केतकी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“झोपच लागत नाहीये, सर. डोळा लागला की वाटतं, कुठेतरी चुकलंय आपलं. उद्या सगळ्यांसमोर अडवलं तर? एकदाच ताडून बघते. शेवटचं.”

“मागच्या वेळी बाटली नेलीस, तेव्हा काय म्हणाली होतीस?”

“...हेच.”

“क्लोरोफॉर्म लागत नाही हे दाखवायला किती क्लोरोफॉर्म संपवलंस?”

ती जमिनीकडे बघत म्हणाली, “भांडारात होतं तेवढं सगळं.”

सर उठले. कपाट उघडून मागच्या बाजूची एक तपकिरी बाटली त्यांनी काढली, फडक्याने पुसली आणि तिच्यासमोर ठेवली.

केतकीचा जीव भांड्यात पडला. “थँक्यू सर! तासाभरात होईल.”

“घुसळणार कोण?”

“सगुणाताई. नेहमी त्याच करतात. मी माझ्या यंत्रापाशी असते ना, मला हात मोकळा नसतो.”

सर खुर्चीत बसले.

“बोलाव त्यांना,” ते म्हणाले.

केतकी बाटली घेऊन दारात आली.

समोरच्या व्हरांड्यात प्रयोगशाळेतल्या मदतनीस सगुणाताई खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसल्या होत्या. डोळे मिटलेले. पदर नाकाशी धरलेला.

या कामाची सुरुवातच त्यांच्यामुळे झाली होती. त्या एकदा बेसिनपाशी चक्कर येऊन पडल्या, तेव्हा केतकीनेच त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. यांना पुन्हा हे हुंगावं लागणार नाही, असं तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली होती.

हाक मारायला तिने तोंड उघडलं...

आणि तसंच मिटलं.

सगुणाताईंनीच डोळे उघडले. तिच्या हातातली बाटली त्यांना दिसली.

“मिळाली का, मॅडम? आलेच हं.” भिंतीला हात लावून त्या उठू लागल्या.

“नको!” केतकी एकदम ओरडली. मग हळू म्हणाली, “नको, ताई. बसा तुम्ही. आज काही करायचं नाहीये.”

“अहो, पण उद्या तुमची परीक्षा...”

“बसा.”

ती आत आली. बाटली तिने टेबलावर ठेवली.

सरांनी बाटली उचलून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

बाहेर सगुणाताई खोकल्या, तशी केतकीने मान खाली घातली.

“सर... भीती अजून गेली नाही.”

“नाही जायची.”

“आणि उद्या त्यांनी विचारलं तर? बाई, तुमचा स्वतःचा तरी या रीतीवर विश्वास आहे का, असं? मी काय सांगू?”

सरांनी किल्ली खिशात टाकली.

“सांग, कालपर्यंत नव्हता.”