बोडीत पडलेले डोमाजी

एका गावात उरकुडा नावाचा एक भोळा शेतकरी होता. सांगितलेलं तो कधी मोडत नसे. सगळं दुःख तेवढंच होतं.

थंडीत त्याचे सासरे डोमाजी मुक्कामाला आले. येताच म्हणाले, "उन्हाळी धान पेरेपर्यंत राह्यतो. जावयाले अक्कल दिसली तं ठीक. नाही तं पोरीले घेऊन जातो."

उरकुड्याची बायको कौतिका धास्तावली. नवरा बावळट होता खरा, पण त्यानं तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. तिला कुठंही जायचं नव्हतं.

उरकुड्यानं बैलबंडीत पेंढा भरला. अर्धा वाटेतच सांडला.

"जावईबापू, तुडवून भरा. दाबलं का थोड्या जागेत लय मावते."

"समजलं जी, मामाजी."

दुसऱ्या दिवशी टमाटे बाजारात न्यायचे होते. टोपलीत मावेनात. उरकुडा टोपलीत चढला आणि मन लावून तुडवू लागला. सगळे मावले. वर जागाही उरली.

जेवताना तूप थिजलेलं. उरकुडा बरणीशी झटापट करत बसला.

"चुलीपाशी ठेवा ना! ऊब लागली का घट्ट वस्तू सैल होते."

"समजलं जी, मामाजी."

सकाळी डोमाजी कुरकुरले, नवे जोडे फार घट्ट होतात. संध्याकाळी जोडे चुलीपाशी सापडले. चामड्याचे पापड झाले होते.

"अजून सैल नाही झाले, मामाजी. जाळ वाढवू का?"

डोमाजी गाठोडं बांधायला उठले. कौतिकानं त्यांचे पाय धरले. "बाबा, एक डाव शिकवून पाहा."

बियाणं निवडायचंच होतं. डोमाजींनी पाण्याच्या पिंपात बटाटा टाकला. तो बुडाला. "आता मीठ घाला. पाणी जड झालं का बटाटा वर येते. मंग बी टाका. वर आलं ते पोचट, फेकायचं. तळाशी बसलं ते भरीव, ठेवायचं."

उरकुड्यानं तस्संच केलं. एक दाणा चुकला नाही. डोमाजींनी त्याची पाठ थोपटली. कौतिकाला रडूच आलं.

दुसऱ्या सकाळी डोमाजी लेक-जावयासोबत शेतात आले आणि तिथल्या बोडीवर तोंड धुवायला गेले. तळं छोटं, पण खोल. पाय घसरला आणि ते बुडाले.

उरकुडा काठावर नाचायला लागला. "कौतिका, मामाजी भरीव निघाले!"

"अवं, बाबाले वर आणा ना!"

वर आणायचं होय! बियाण्यासाठी आणलेलं मिठाचं पोतं बांधावरच होतं. त्यानं ते अख्खं बोडीत रिकामं केलं. तेवढ्यात डोमाजी हातपाय मारत वर आले. मिठानं काम केलं, असं उरकुड्याला वाटलं. पण त्याचा चेहरा उतरला.

कौतिकानं धोतर धरून बापाला काठावर ओढलं. डोमाजी थरथरत ओरडले, "पोरी, आत्ताच्या आत्ता चाल माझ्यासंगं!"

उरकुड्यानं हात जोडले.

"राग मानू नका, मामाजी. तुमचा शबुद मी कधी मोडला नाही. वर आलं ते फेकायचं."

आणि त्यानं सासऱ्यांना अदबीनं उचलून पुन्हा बोडीत टाकलं.