माझं झालं, आता तुझं

फार फार जुनी गोष्ट. कोणत्या राजाच्या राज्यातली, ते मला विचारू नका. राजाचा हिच्याशी काही संबंध नाही, आणि राजा असता तरी त्याच्याने काही झालं नसतं.

नदीकाठी कुंभारांचं एक गाव होतं. घरोघरी चाक, अंगणाअंगणात वाळत घातलेली मडकी आणि गावाबाहेर ती भाजायच्या भट्ट्या. त्या गावात एक रीत होती. भट्टी रचून झाली, वरून पेंढा अंथरून चिखलाचा थर दिला, की कुंभार तिच्याभोवती सावकाश एक फेरी मारायचा. लिंपण कुठे चिरलंय का, वाऱ्याच्या बाजूला आडोसा आहे का, पेंढा कुठे उघडा पडलाय का, सगळं बघायचा. चुकलेलं दिसलं की तिथेच दुरुस्त करायचा. मग आग द्यायचा आणि दोन्ही तळवे भट्टीपुढे उघडे धरून म्हणायचा, "माझं झालं, आता तुझं."

एवढं म्हटलं की तो घरी जाऊन जेवायचा आणि खुशाल झोपायचा. सकाळी भट्टी उघडल्यावर निम्मी मडकी फुटलेली निघाली तरी त्या गावात कुणी ऊर बडवत नसे. आपल्या हातचं होतं ते केलं, पुढचं आगीचं होतं, असं म्हणून खापऱ्या बाजूला सारायची आणि पुन्हा माती मळायला बसायची, अशी ती माणसं. मला विचाराल तर भलतीच शहाणी.

त्या गावात एक तरुण कुंभार होता. त्याचा जीव मात्र सदा टांगणीला. आभाळ भरून आलं की धास्ती, शेजारी हसला की आपल्यालाच हसला असं वाटायचं. एकदा त्याची अख्खी भट्टी फुटली, तेव्हा त्याने अन्नपाणी सोडलं. शेवटी गावातल्या सर्वांत वयस्कर कुंभाराने त्याला जवळ बसवलं. या म्हाताऱ्याला सगळे थोरले बाबा म्हणत. भट्टीच्या धुराने त्यांचे डोळे जवळजवळ गेले होते. त्यांनी त्याला रीत पुन्हा पहिल्यापासून समजावली. पाऊस, वारा, आग, लोकांची तोंडं, यातलं काही आपलं नाही. आपलं काय ते आपल्या हातांपुरतं, असं सांगितलं.

पोराला ते पटलं. इतकं पटलं की तो पार बदलून गेला. रात्री झोप लागू लागली, तोंडावर हसू आलं. गाव त्याच्याकडे कौतुकाने बघू लागलं. पुढे त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. तिचं नाव सोनकी. लोक आपली रडगाणी घेऊन त्याच्याकडे यायचे आणि तो तळवे उघडून तेच शब्द म्हणायचा. त्यांनाही जरा हलकं वाटायचं.

पण शब्द सोपे असतात हो. फेरी मारायला कष्ट पडतात.

हळूहळू तो फेरी विसरला. घर गळायला लागलं, तर म्हणाला, पाऊस काय माझ्या हातात आहे? बायको म्हणाली, पाऊस नाही, पण छप्पर आहे ना. तो नुसता हसला. सख्खा भाऊ रुसून बोलेनासा झाला, तर म्हणाला, दुसऱ्याचं मन आपल्या हातात नसतं. भावाच्या दारात एकदा जाऊन ये, असं बायकोने सुचवलं, त्यावरही हसला. त्या हसण्याला लोक ज्ञान म्हणायचे. मी आळस म्हणेन, पण मला कोण विचारतो! बायकोलासुद्धा वाटायला लागलं की इतकी माणसं याला शहाणा म्हणतात, तर आपलंच काहीतरी चुकत असेल. मग ती बोलायची थांबली.

अशातच एका पावसाळ्यात सोनकी तापाने फणफणली. वैद्य राहायचा नदीपलीकडे. नदीला पाणी चढत होतं, पण सकाळी नाव चालू होती. नावाडी माणसं ने-आण करत होता. बायको म्हणाली, पोरीला उचला, आत्ताच निघू.

कुंभार लेकीच्या उशाशी बसला होता. त्याचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नका. जीव होता त्याचा तिच्यावर. आतून तो भ्यायला होता, अगदी पूर्वीसारखा भ्यायला होता. ती भीती त्याला सोसवेना. म्हणून त्याने काय केलं? बायकोला म्हणाला, जगणं-मरणं का आपल्या हातात असतं? आणि तापलेल्या पोरीवर दोन्ही तळवे उघडे धरून म्हणाला, "माझं झालं, आता तुझं."

त्याला लगेच शांत वाटलं. तो उठून चाकावर जाऊन बसला.

बायको दुपारपर्यंत पोरीच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत राहिली. शेवटी तिला राहवेना. तिने सोनकीला घोंगडीत गुंडाळलं, खांद्यावर टाकलं आणि ती एकटीच पावसात घाटावर गेली. नाव काठावर ओढून उलटी घातली होती. नदी पायऱ्यांवरून वाहत होती. नावाडी मान खाली घालून म्हणाला, "सकाळी आली असतीस तर नेलं असतं गं, बाई."

ती परत आली. दिवेलागणीला सोनकी गेली.

कुंभार रडला नाही. त्याने सगळं रीतीप्रमाणे केलं. केवढं धीराचं माणूस, असं लोक म्हणाले. बायको एका कोपऱ्यात बसून राहिली. ती कुणाशी बोलली नाही आणि त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही.

काही दिवसांनी तो थोरल्या बाबांकडे गेला. आपली पाठ थोपटतील असं त्याला वाटत असावं. म्हणाला, "बाबा, तुम्ही शिकवलं तसं वागलो. हातात नव्हतं ते सोडून दिलं."

बाबांनी विचारलं, "नाव सकाळी चालू होती?"

"होती."

"नदी तुझ्या हातात नव्हती. ताप नव्हता. वैद्याच्या औषधाला गुण येणं-न येणं, तेही नव्हतं. पण पोरीला उचलून घाटापर्यंत नेणं कुणाच्या हातात होतं?"

बाबांनी चाचपडत त्याचे हात धरले आणि तळवे वर करून त्याच्यासमोर आणले. म्हणाले, "पोरा, शब्द फेरीनंतरचे आहेत. तू फेरी मारलीच नाहीस. कदाचित नेऊनही ती गेली असती. मग हेच शब्द तुला उपयोगी पडले असते. आता नाही पडायचे."

तेव्हा तो रडला. बाबांनी त्याला रडू दिलं.

पाऊस संपला. कुंभाराने पुन्हा भट्टी रचली, लिंपली, आग दिली. तळवे पुढे केले, पण शब्द काही येईनात. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. त्याची बायको उभी होती. सोनकी गेल्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"काही राहिलं का?" तिने विचारलं.

त्याने भट्टीभोवती फेरी मारली. वाऱ्याच्या बाजूला लिंपण चिरलं होतं, तिथे चिखल लावला. परत आला, तर तिने पुन्हा तेच विचारलं. तो पुन्हा फिरला. सगळं ठीक होतं, तरी "नाही" म्हणायला त्याची जीभ रेटेना. ती वाट पाहून घरी निघून गेली. तो रात्रभर त्या भट्टीपाशी बसून राहिला.

पुढे तो म्हातारा झाला. त्याने छप्पर शाकारलं, भावाच्या दारात जाऊन आला, घाटावर कुणी आजारी माणूस आलं तर त्याला उचलायला सर्वांत आधी धावला. पण भट्टीपुढचे ते शब्द त्याने पुन्हा कधी उच्चारले नाहीत. बायको जन्मभर त्याच्या घरात राहिली, त्याला जेवू घालत राहिली. प्रत्येक भट्टीला येऊन तेवढा एक प्रश्न विचारायची. त्याहून जास्त ती त्याच्याशी फारसं बोलली नाही.

त्या गावात आजही, म्हणे, कुंभाराने तळवे पुढे करण्याआधी घरातलं कुणीतरी विचारतं, "काही राहिलं का?" का विचारायचं, ते आता कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला मात्र आता ठाऊक झालं. तेव्हा घरी, कामावर, आजाऱ्याच्या उशाशी "आपल्या हातात काय आहे?" म्हणून खांदे उडवण्याआधी जरा थांबत जा.

तात्पर्य : जे आपल्या हातात नाही ते सोडून द्यावं, पण आधी आपल्या हातात काय आहे ते नीट पाहून, करून मगच.