हो म्हणणारा संगणक

संगणकांच्या पाठीला मोठं पोक असायचं, तेव्हाची गोष्ट. एका दवाखान्यातला म्हातारा संगणक भंगारात निघाला होता. अख्ख्या गावाचे रक्तगट त्याच्यापाशी होते. ते शेजारच्या नव्या संगणकाला द्यायचे होते, पण दोघांची भाषा वेगळी.

जाडजूड केबल म्हणाली, "मी एका दमात नेते." तिने सगळं एकदम ओतलं.

"पोचलं का रे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हो आजोबा," नवा अदबीने म्हणाला. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं, पण वडीलधाऱ्यांना नाही कसं म्हणायचं?

कोपऱ्यातली बारकी वायर म्हणाली, "मग पहिली ओळ म्हणून दाखव."

"हो," नवा पुन्हा म्हणाला.

मग काम वायरकडे आलं. ती एकच ओळ नव्याच्या भाषेत सांगायची आणि परत म्हणून घ्यायची. चुकलं की तीच ओळ पुन्हा.

"माझ्यावर विश्वास नाही का?" नवा फुरंगटला.

"आहे की. म्हण परत."

असे तीन दिवस गेले. भंगारवाला दारात बसून कंटाळला. अखेर म्हाताऱ्याने विचारलं, "सगळं पोचलं का रे?"

"नाही आजोबा. घोरतळ्यांच्या सखूची ओळ अर्धीच आलीय. परत सांगा."

म्हातारा तेव्हा कुठे निर्धास्त झाला.