गुरुजींचा पहिला डाग

माणूस गेला की त्याच्या फोटोला हार घालायचा आणि त्याचं काम कुलपात टाकायचं, ही खोड कुणाची ते सगळ्यांना ठाऊक आहे. नाव कुणी घेत नाही. फार पूर्वी एका रानातही हेच झालं.

तिथे रेडेगुरुजी चित्रकला शिकवायचे. पांढऱ्या मातीने सारवलेल्या कातळासमोर पिल्लं बिचकून उभी राहिली, की गुरुजी वळायचे आणि चिखलाने माखलेली शेपटी फटकन कातळावर मारायचे. “घ्या, मीच बिघडवला! आता भ्यायचं कशाला?”

गुरुजी गेले. मोरभाऊंनी कातळ नव्याने सारवून घेतला, भोवती काट्यांचं कुंपण घातलं आणि शोकसभेत जाहीर केलं, “हे गुरुजींचं स्मारक. यापुढे इथे कुणी रेघही ओढायची नाही.” पिल्लांची तोंडं उतरली.

ठकी खारीला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. त्या कोऱ्या कातळावर गुरुजी कुठेच नव्हते. मोरभाऊंनी मौनासाठी डोळे मिटताच ती डबक्यात बुडी मारून आली, कुंपणाखालून आत शिरली आणि तिने फटकन शेपटी मारली. चिखल कातळावर उडाला, थोडा मोरभाऊंच्या तुऱ्यावरही.

“कार्टे! बिघडवलास ना कातळ!” मोरभाऊ किंचाळले.

तेवढ्यात सगळ्यांत मागे बसलेली कासवाची पोर सरकत पुढे आली.

“बिघडला ना, मोरकाका? मग मी त्यावर तुमचाच तुरा काढते. हलू नका.”