चौथा शाफ्ट

“पण दर वेळी शोल्डरपाशीच का अडकतं, चाचा?”

दस्तगीरचाचांनी चपला शेडच्या बाहेर काढल्या. आत आले. स्टूल ओढून खांबापाशी बसले. लोखंड फिरवत कापणाऱ्या माझ्या लेथकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

“कुठं अडकतं म्हणालात, मॅडम?”

“शोल्डरपाशी.”

मी बिघडलेला शाफ्ट त्यांच्या हातात दिला. जाड लोखंडी दांडा, टोकाकडे कापून बारीक केलेला. जाड संपून बारीक सुरू होतं तिथे पायरी असते. तिला आमच्या धंद्यात शोल्डर म्हणतात. माझ्या पायरीच्या कोपऱ्यात उंदरानं कुरतडल्यासारखा खड्डा होता.

“टूल छान कापत येतं. पायरीला भिडलं की रुततं. मग मोटरचा पट्टा किंचाळतो आणि मशीन बंद.”

चाचांनी खड्ड्यावरून अंगठा फिरवला.

“असे किती केले?”

“तीन.”

“ऱ्हायले किती?”

“एक.”

“हं...”

चाचांनी इचलकरंजीच्या एका कारखान्यात बेचाळीस वर्षं लेथ चालवला. त्यातली एकोणीस वर्षं मी तिथेच तपासणीला होते. म्हणजे त्यांनी करायचं आणि मी मायक्रोमीटर लावून नापास करायचं. केसाएवढ्या फरकासाठी मी त्यांचे जॉब परत पाठवले आहेत, तेही लाल शाईनं शेरा मारून. यंदा मला वाटलं, नापास करून पुरे झालं, आता स्वतः करून बघू. पंचेचाळिसाव्या वर्षी बायकांना असं काहीतरी वाटतंच. कुणी भिशी काढतं, कुणी योगाला जातं. मी जुना लेथ घेतला.

पहिलं काम आलं गोदाक्कांच्या पिठाच्या गिरणीचं. शाफ्ट एकच हवा होता. मी तुकडे चार आणले. माझा माझ्यावर तेवढाच विश्वास होता.

गिरणी सोमवारपासून बंद होती आणि गोदाक्का चार वाजता येणार होत्या. चौथा तुकडा गेला तर त्या दुसरीकडे जाणार आणि मी परत कंपनीत. माझी खुर्ची अजून रिकामी आहे असा निरोप दोनदा आला होता.

तेव्हा अडीच वाजले होते.

“काय काय करून बघितलं?” चाचांनी विचारलं.

“टूलला धार लावली. मग टूलच बदललं. उंचीसाठी खाली पातळ पट्टी घातली. बोल्ट आवळले. स्पीड कमी केलं. तेल वाढवलं.”

“आणि?”

“...आणि नारळ फोडला.”

“कधी?”

“तिसऱ्याच्या आधी.”

“मग मशीनकडनं काय ऱ्हायलं न्हाई,” चाचा म्हणाले. “ऑटो कधी सोडता?”

ऑटो म्हणजे टूल आपोआप पुढे सरकवणारी यंत्रणा. दांडा ओढला की टूल चालू लागतं, सोडला की थांबतं. या प्रश्नाची मी वाटच बघत होते.

“बरोब्बर पायरीवर. चष्म्यावर भिंग धरून बघते. पायरीला टेकलं की सोडला. एक केस आधी नाही.”

“वा,” चाचा म्हणाले. “जरा पाणी द्या.”

मी फुलपात्र भरलं, नेलं, दिलं.

त्यांनी ते तसंच परत केलं.

“परत आणा.”

परत नेलं.

चाचा उठून खांबाला टेकून उभे राहिले. “आता आणखी एकदा. पण हात पुढं करायचा न्हाई. कोपरं बरगड्यांना लावा. नुसत्या पायांनी आणा. पार माझ्या ओठाला लागंस्तवर.”

“चाचा, चार वाजता गोदाक्का...”

“तहान लागलीया मला.”

मी बाहेर कुणी नाही ना ते बघून घेतलं. कोपरं बरगड्यांना चिकटवली, फुलपात्र धरलं आणि चालू लागले. अंतर कमी होत गेलं. थांबायचं नव्हतं, म्हणून थांबले नाही.

फुलपात्र त्यांच्या दातावर आपटलं. अर्धं पाणी दाढीत, अर्धं सदऱ्यात.

चाचा तसेच उभे. दाढीतून थेंब पडत होते.

“काय झालं?”

“तुम्ही हललात,” मी म्हणाले.

“मी खांबाला टेकलोय.”

“मग... फुलपात्र काठोकाठ भरलं होतं.”

“असंल.”

“फरशी पण जरा उंचसखल आहे.”

“फरशीला नारळ फोडा.”

मी सांडलेलं पाणी पायानं पुसू लागले.

“पैल्यांदा दिलंत,” चाचा म्हणाले, “तवा सांडलं?”

“नाही.”

“तवा पाय कुठं होते?”

मला आठवावं लागलं. “तिथे... हातभर लांब. थांबले होते.”

“मग पाणी हितवर कुणी आणलं?”

“...हातानं.”

चाचा स्टूलवर बसले, सदरा काढला आणि पिळू लागले. त्यांचं शिकवून झालं होतं.

मी लेथकडे बघितलं. ऑटोच्या दांड्याशेजारी चाक होतं. हातानं फिरवून टूल हळूहळू सरकवायचं चाक. महिनाभर मी ते रोज सकाळी पुसत होते.

चौथा तुकडा चकमध्ये, म्हणजे लेथच्या जबड्यात, बांधला. मशीन सुरू केलं.

पहिल्याच कापाला मी घाबरले. पायरीची खूण चांगली वीतभर लांब असतानाच ऑटो सोडला आणि चाक फिरवू लागले. फिरवतेय, फिरवतेय, पायरी काही येईना.

चाचांनी मान वर न करता विचारलं, “मॅडम, एस्टी स्टँडवरनंच हात पुढं केलात व्हय?”

दुसऱ्या कापाला ऑटोवर पुढे गेले. आणखी पुढे. मग सोडला. चाक दोन बोटांनी धरलं.

चाकातून लोखंड हाताला कळत होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कुठे मऊ, कुठे कडक. आणि मग पायरी आली. हाताला आधी, डोळ्याला नंतर. पट्टा गप्प.

मी टूल घेऊन सरळ मागे पळणार, एवढ्यात चाचा म्हणाले, “आलात तशा माघारी जाऊ नका. पायरीच्या अंगाअंगानं बाहेर या.”

तसं केलं. कोपऱ्यात कोंबून बसलेला लोखंडाचा कीस सुटून खाली पडला. आणखी चार काप घेतले. मशीन बंद केलं.

कोपरा स्वच्छ होता. मी मायक्रोमीटर लावला. माप बसलं. विश्वास बसला नाही, म्हणून परत लावला.

चाचा सदरा झटकत होते.

गोदाक्का पावणेचारालाच आल्या. तीन दिवस गिरणी बंद असलेली बाई चारची वाट बघत नाही. त्यांनी शाफ्ट उचलला, पायरीवरून बोट फिरवलं, मग चाचांकडे वळल्या.

“तुम्हीच केला न्हवं?”

“मॅडमनी.”

“खरं सांगा.”

“खरंच मॅडमनी.”

गोदाक्कांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. मग चाचांच्या हातातल्या ओल्या सदऱ्याकडे बघितलं.

“मग तुम्ही का वो एवढं भिजलाय?”

“मी बघत होतो,” चाचा म्हणाले.

गोदाक्कांनी शाफ्ट गोणपाटात गुंडाळला. “सांजच्याला दळान घिऊन या, मॅडम. तुमचं पयलं दळून देते,” म्हणाल्या आणि गेल्या.

मी खडू घेतला. लेथमागच्या भिंतीवर मी सगळे आकडे लिहून ठेवते. स्पीड किती, उंची किती, काप किती खोल.

“चाचा, ऑटो किती आधी सोडायचा? दोन मिलिमीटर?”

चाचा चपला घालत होते.

“तीन?”

त्यांनी दुसरी चप्पल पायात सरकवली.

“आकडा सांगा ना. इथे लिहून ठेवते, म्हणजे परत चूक नको.”

ते वळले. भिंतीवरचे माझे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. सावकाश. शेवटी एक मोकळी जागा त्यांनी बोटानं दाखवली.

“लिवा,” ते म्हणाले. “‘आता पोचलेच’ असं जिथं वाटतंय... त्याच्या आधी.”