चिचुंद्रीबाईचं शेंडेफळ

सकाळचे बरोब्बर सहा वाजले, आणि बघा काय झालं!

पोलिसांच्या मैदानाच्या कडेकडेनं चालली होती चिचुंद्रीबाई. चुकचुक चुकचुक! मागं पिल्लांची रांग. ज्याच्या त्याच्या तोंडात पुढच्याची शेपटी.

आईनं वळून पाहिलं. अगंबाई! शेंडेफळ कुठंय?

बाकीची पिल्लं बिळात ठेवली. "हलायचं नाही हं!" म्हणाली, आणि निघाली. चुकचुक चुकचुक!

भेटली जिप्सी कुत्री. पोलिसांची कुत्री ती! हरवलेलं शोधून देते.

"जिप्सीताई, जिप्सीताई, माझं पिल्लू शोधा ना!"

"अंहं! हवालदार 'शोध' म्हणेना, मी हलेना."

चुकचुक चुकचुक! भेटले भोईटे हवालदार.

"हवालदारदादा, 'शोध' म्हणा ना!
हवालदार 'शोध' म्हणेना,
जिप्सी हलेना,
पिल्लू सापडेना!"

"अगं बये, खोगीर घालतोय. घोडी उभी राहीना, मी 'शोध' म्हणेना."

घोडी नाचत होती. थयथय थयथय!

"चांदणी घोडी, उभी राहा ना!
घोडी उभी राहीना,
हवालदार 'शोध' म्हणेना,
जिप्सी हलेना,
पिल्लू सापडेना!"

"माश्या चावतात गं! कोतवाल माश्या टिपेना, मी उभी राहीना."

कोतवाल पक्षी तारेवर बसलेला. काळाकुळकुळीत! शेपटी कात्रीसारखी.

"कोतवालभाऊ, माश्या टिपा ना!
कोतवाल माश्या टिपेना,
घोडी उभी राहीना,
हवालदार 'शोध' म्हणेना,
जिप्सी हलेना,
पिल्लू सापडेना!"

"खाली बघ की! बोका उठेना, मी माश्या टिपेना."

बोका! चिचुंद्रीबाई दोन पावलं मागं सरली. पण पिल्लू? गेली तशीच.

"बोकोबा, उठा ना!
बोका उठेना,
कोतवाल माश्या टिपेना,
घोडी उभी राहीना,
हवालदार 'शोध' म्हणेना,
जिप्सी हलेना,
पिल्लू सापडेना!"

"नाही उठत, जा! हिंमत असेल तर ये जवळ."

चिचुंद्रीबाई गेली. अगदी नाकापाशी गेली.

"शीऽऽ! काय गं हा वास! अंघोळ करतेस की नाही?"

बोका उठला, धूम पळाला!
कोतवालानं माश्या टिपल्या, टपटप टपटप!
घोडी उभी राहिली.
हवालदार म्हणाले, "जिप्सी, शोध!"
जिप्सी हलली!

आईला हुंगलं. फूं फूं! माती हुंगली. फूं फूं! पळाली आणि पायरीपाशी थांबली. पायरीवर हवालदारांचे दुसरे बूट, चकाचक!

"भो!"

बुटात कोण? शेंडेफळ! गाढ झोपलेलं.

"अरेच्चा! माझ्याच बुटात?" हवालदार खो खो हसले.

आईनं त्याला चाटलं. मग रागावली. मग परत चाटलं.

"शेपटी सोडायची नाही, कळलं?"

"चुक!" पिल्लू म्हणालं, आणि शेपटी घट्ट धरली. हुश्श!

बाळांनो, आईचा हात सुटला तर घाबरायचं नाही. पोलिसांना सांगायचं. शेजारच्या बाळालाही सांगा हं. आणि त्याला म्हणावं, तूही पुढं सांग.