सापळ्याची भाकरी

फार मागे एका दुपारी गोदी उंदरीण शेंगा फोडत बसली होती. शेजारीण धापा टाकत आली. "अगं गोदे, उंदरांचा सापळा भिक्खू झाला. विहाराच्या पायरीवर बसलाय."

"त्यानेच माझा धनी गिळला. बघतेच कसला भिक्खू," म्हणत गोदी तडक विहारात गेली.

सापळ्याच्या जबड्यात भिक्षेतली भाकरी होती. "दुपारनंतर आम्ही खात नाही, उपासिके. तुम्ही घ्या."

"पूर्वीही असाच आग्रह करायचास."

"खरंय," सापळा खालच्या आवाजात म्हणाला.

गोदीने आधी शेपूट आत घातलं, मग डोकं. सापळ्याची कमान थरथर कापली, पण मिटली नाही. गोदीने भाकरी सावकाश संपवली.

"मला क्षमा कराल?" सापळ्याने विचारलं.

"भाकरी अळणी होती," म्हणून ती घरी आली.

क्षमा करायची अजून राहिलीच आहे.